अठ्ठावीस नंबर

मी विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

एप्रिलची दुपार, पेणमधली आमची शाळा. परीक्षा संपून मुलं सुट्टीवर गेलेली. स्टाफरूममध्ये मी आणि मराठीच्या नलिनीबाई, दोघीच. पेपर तपासून तपासून डोकी कामातून गेली होती. नलिनीने सकाळी एस.टी.च्या तिकिटावर लाल पेनाने बरोबरची खूण करून ते कंडक्टरच्या हातात दिलं होतं. आमचे मिस्टर जेवताना "आमटी छान झालीय" म्हणाले, तर मी म्हटलं, "कारणे द्या."

नववीचं निकालपत्रक भरत होतो. मी नंबर पुकारायचा, नलिनीने गठ्ठ्यातला पेपर बघून गुण सांगायचे.

"सत्तावीस?"

"एकेचाळीस."

"अठ्ठावीस?"

"हजर, बाई."

आवाज दाराकडून आला. मुलीचा, स्पष्ट. दार उघडं, व्हरांडा रिकामा.

"मलापण ऐकू आलं गो," नलिनी म्हणाली. ती इथल्याच जोहे गावची. "अठ्ठावीसचा पेपरच नाय. ही करुणा. शेवटच्या पेपरांना आलीच नव्हती."

"थकलोय आपण. पुढचा पेपर घे."

पण ती घेईना. करुणाला फेरपरीक्षेचं कळवायचं होतंच, म्हणून रिक्षा केली आणि धरमतरच्या खाडीकडे तिच्या गावाला गेलो. भुतासाठी नाही.

करुणा गोधडीवर पडली होती. अंग भाजत होतं, मान ताठ, कपाळभर अंगारा.

"बाहेरचं हाय, बाई," तिची आई म्हणाली. "सांजच्याला देवऋषी येतोय. तवर हलवायची नाय."

"असलं काही नसतं," मी म्हटलं. तो आवाज अजून माझ्या कानात होता. "मान बघा तिची. रिक्षा दारात उभी आहे."

"आन् वाटेत काय झालं तर?"

"तर माझ्या नावाने बोंब मारा. आता पाय धरा तिचे."

पेणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर आणायची गरजच पडली नसती.

बाहेर बाकावर आईने विचारलं, "सोमवारपासून तिच्या तोंडातून सबूद नाय. कोनाला बोललो पन नाय आमी. तुमाला सांगितलं कोनी?"

नलिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फेरपरीक्षेचं सांगायला आलो होतो."

करुणा वाचली. एका कानाने ऐकू येत नाही, डावा पाय ओढते. त्या दुपारचं तिला काहीच आठवत नाही. थकव्याने भास होतात, मान्य. पण दोघींना एकच, आणि नेमका त्याच नंबरावर? इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही.

आता ताप डोक्यात गेला की त्या गावच्या बायका पोराला आधी पेणला आणतात. "बाई सांगून गेल्यात, बाहेरचं असं काय नसतं," म्हणतात. म्हणून ही गोष्ट मी तिकडे कोणालाही सांगितलेली नाही. इथेही नावं बदलली आहेत.