हार कुणाच्या फोटोला

माझ्या आत्याला पहिल्यांदा मारलं ते टीव्हीवाल्यांनी.
परवा गेली, ती दुसऱ्यांदा.

'आठवा फेरा' नावाची मालिका आठवतेय कुणाला? नसेलच. काही महिन्यांतच गुंडाळली.

त्यातली थोरली जाऊ म्हणजे आमची सुलूआत्या. सोलापूरच्या हौशी नाटकांतून थेट मुंबईच्या सेटवर. जाताना अख्ख्या युनिटसाठी शेंगाचटणी न्यायची. प्रोड्यूसरसाहेब बोटं चाटून खायचे.

मग मंद्रूपला आजी आजारी पडली. आत्याने सुट्टी मागितली.
"जाऊन या ताई, आईपेक्षा शूटिंग मोठं आहे का?" साहेब किती गोड बोलले!

त्याच आठवड्यात आम्ही सगळे आजीच्या खाटेजवळ बसून मालिका बघत होतो.
स्क्रीनवर आत्याचा फोटो. त्याला चंदनाचा हार. पुढे समई.

आजी किंचाळली, "अगं सुले, तू हितं हायस की!"

आत्याने फोन काढून बघितला. तिला कुणी साधा फोनसुद्धा केला नव्हता.

आजीने उठून तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. म्हणाली, "रडू नगं. जित्या माणसाच्या फोटूला हार पडला की आयुष्य वाढतंय. घालणाऱ्याचं वाटोळं हुतंय."

थोड्याच दिवसांत मालिका बंद पडली. आजी लई खूश झाली. मीही.

पण आत्याला परत कुणी बोलावलं नाही. टीव्हीवर मेलेल्या बाईला काम कोण देणार? तरी शेवटपर्यंत फोन उशाशी घेऊन झोपायची. याची माफी नाही.

आणि आज साहेबांची पोस्ट. "आमच्या कुटुंबातला तारा निखळला."
सोबत फोटो कुठला? तोच. चंदनाच्या हाराचा.

मी मेसेज केला, तो फोटो काढा.
उत्तर आलं, "भावना समजू शकतो. पण आयकॉनिक सीन आहे तो."

बरं.

आत्याने मला बजावून ठेवलं होतं, "माझ्या फोटूला हार नगं बाई. एकदा घातलाय की त्यांनी."
म्हणून घरात तिचा फोटो मोकळाच ठेवलाय.

शेजाऱ्यांनी आणलेला हार तसाच पडून होता. तो मी साहेबांच्या फोटोला घातला. पुढे समई लावली. फोटो खाली टाकलाय, त्यांना टॅगही केलंय. शेअर करा.

आत्या, तू जा निवांत. आता फोनची वाट बघू नकोस.

साहेब, तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली.
घाबरू नका, आयुष्य वाढेल तुमचं.
वाटोळं झालंच तर माझं होईल. चालेल मला.