बारा जादा अक्षरं

पहिला लॉकडाउन उठल्यावर दादाच्या इतवारी बाजारातल्या कापड दुकानात बसून मी अक्कल पाजळली. मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे गल्लीच्या लेखी मी शास्त्रज्ञच. कापडावर खूण करायच्या खडूनं मी काउंटरवर करोनाच्या जनुकाची अक्षरं लिहिली आणि मधल्या बारा अक्षरांभोवती गोल काढला. "ही बारा मध्येच घुसलीत. अशी आपोआप येतात काय? कोणीतरी घातलीत." गिऱ्हाइकं आ वासून बघत राहिली. दादानं चहा मागवला. त्याला माझा फार अभिमान होता.

जनुकाची नक्कल होताना अक्षरं बदलतात, गळतात, जादाची घुसतातही, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. पण ते सांगितलं असतं तर माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं.

पुढे लस आली. दादा म्हणाला, "ज्यांनी बीमारी बनवली तेच टीका बनवणार. मी नाही लावत. माझा भाऊ सायन्सवाला आहे." आमच्याच शाळेत लसीचं केंद्र होतं, नावं लिहायची ड्युटी माझ्याकडे होती, आणि मी पहिल्याच आठवड्यात दंड पुढे केला होता. दुकानात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या लाटेत दादा आठ दिवसांत गेला. लस घेऊन तो वाचलाच असता असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण ती संधी मी त्याला मिळू दिली नाही.

मग ओमायक्रॉन आला. त्यातही नऊ अक्षरं नव्यानं घुसलेली. माणसांत पसरता पसरता आपोआप आलेली, कोणी घातलेली नव्हेत. ते वाचताना मला माझीच शिसारी आली. तरी वर्षानुवर्षं टाळत राहिलो. शेवटी यंदा दादाच्या श्राद्धाला वहिनीसमोर बसून सगळं बोलून टाकलं. काउंटरवर सांगितलेलं खोटं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं, आणि मी स्वतः लस घेतली होती.

वहिनी केळीची पानं पुसत होती. हात थांबला नाही.

"मालूम होतं, भाऊजी. तुमच्या बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं. मग मी पण दुसऱ्या सेंटरला जाऊन चुपचाप लावून आली."

"आणि दादाला?"

"त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? पूर्ण बाजारात तुमचंच नाव घेऊन फिरत होते. तुमची इज्जत ठेवली मी."