घरचा वाफा

तार आली तेव्हा मी दुसरबीडच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवत होते. पोस्टमनने ती हेडमास्तरांच्या हाती दिली, आणि हेडमास्तर वर्गाच्या दाराशी येऊन नुसतेच उभे राहिले, आत येईनात. मला वाटलं, बाबा गेले. वय त्यांचंच झालं होतं. तारेत नाव सुखदेवदादाचं होतं. माझा थोरला भाऊ नांदुऱ्याला काविळीने दवाखान्यात पडून आहे हे मला ठाऊक होतं. पण कावीळ काय, उतरते, उसाचा रस प्यायचा, मुळ्याचा पाला खायचा, असंच आपण धरून चालतो. मेहकरला एसटी बदलून माहेरी पोचले तोवर माणसं मसणातून परतली होती, आणि बाबा ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसले होते. मला पाहून म्हणाले, "तिकडचं पाणी त्याले मानवलं नाही, बाई." त्यांचं हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

या पुरवणीच्या संपादकांनी मला पत्र पाठवून दादावर लिहायला सांगितलं. पाणीपुरवठ्याच्या खात्यातला सचोटीचा इंजिनियर, गावोगाव शुद्ध पाणी नेणारा, असं काही त्यांना हवं असावं. ते सगळं खरंच आहे. पण तसला गौरवाचा लेख माझ्या हातून उतरत नाही. दोनदा बसले आणि दोनदा उठले. दादा म्हटलं की मला पाण्याच्या टाक्या आठवत नाहीत, आमच्या मळ्यातला एक वाफा आठवतो... आणि मान खाली जाते. तेव्हा त्या वाफ्याविषयीच लिहिते. आमच्या गावाचं नाव मात्र लिहीत नाही. तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे.

आम्ही माळी. गावाचं सगळं सांडपाणी घेऊन जो नाला नदीला मिळतो, त्याच्या दोन्ही काठांना आमच्या भावकीचे मळे. नाल्याला फळ्या लावून पाणी अडवायचं आणि पाटाने वाफ्यांत सोडायचं, ही पणजोबांपासूनची रीत. त्या पाण्यावर खत घालावं लागत नाही. पालक असा फुगतो, मुळा असा भरतो की बघत राहावं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी माय आणि मी कोथिंबिरीच्या, मेथीच्या जुड्या अंबाडीच्या सालीने बांधायचो आणि त्याच नाल्यात बुचकळून काढायचो, म्हणजे सकाळी पानं टवटवीत दिसायची. नाल्यावरची भाजी म्हणजे लोणी, असं गाव म्हणायचं. मला शिकवणाऱ्या बाईसुद्धा आमच्याच टोपलीसमोर बसायच्या आणि मायला म्हणायच्या, तुमच्यासारखी कोथिंबीर कुणाची नाही. मला केवढा अभिमान वाटायचा!

विहिरीजवळ, शेवग्याच्या झाडाखाली, एक लहानसा वाफा मात्र वेगळा होता. त्याला विहिरीचं पाणी, तेही मोट सुटल्यावर मायने घागरीने घातलेलं. त्यातली भाजी किडकिडीत, पानं बारकी. तिची जुडी केळीच्या सोपटाने बांधायची, म्हणजे बाजाराच्या भाजीत मिसळू नये. घरात शिजायची ती हीच. नाल्यावरच्या प्रत्येक मळ्यात असा एक घरचा वाफा होता. मी लहानपणी मायला विचारलं होतं, आपल्याला ती मोठ्ठी भाजी काऊन नाही? माय म्हणाली, हे देवाचं असते, नैवेद्याले लागते. मी ते खरं मानलं. दादानेही बरीच वर्षं खरं मानलं असणार.

दादा भावकीतला पहिला इंजिनियर. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्याला सांडपाण्याचा विषय होता, आणि त्या वर्षी दिवाळीला घरी आला तो वेगळाच होऊन. जेवायला बसला, ताटातल्या मेथीकडे बघितलं, मग खिडकीतून नाल्याकडे बघितलं. त्याने मायला विचारलं, ही विहिरीवरचीच ना? माय हो म्हणाली. मग त्याने मलाच विचारलं, कमल, गावातल्या मोऱ्यांचं पाणी कुठं जाते? मी म्हटलं, बाहेर. तो हसला नाही. म्हणाला, "बाहेर म्हंजे कोनाच्या घरी?" पुढे नोकरीत लागल्यावर नव्या ओव्हरसियरांना शिकवतानाही तो म्हणे पहिल्या तासाला हेच विचारायचा. त्या दिवशी मी ताटातल्या बारक्या मेथीकडे बघत राहिले. देवाचा वाफा कशासाठी आहे हे मला तेव्हा कळलं. आम्हाला ठाऊक होतं. पणजोबांना ठाऊक होतं. नाही तर वेगळा वाफा कशाला लागला असता?

पुढे काही वर्षांनी आपल्या राज्यात पाणी खराब करण्याविरुद्ध कायदा झाला. दादा तेव्हा नोकरीत स्थिरावला होता. कायद्याची छापील प्रत घेऊन तो मुद्दाम घरी आला आणि ओसरीवर बसून बाबांना कलमं समजावून सांगू लागला. बाबा तंबाखू मळत ऐकत होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "याच्यात माळ्याले काय लिहेल हाय?"

दादा म्हणाला, "माळ्याले काहीच नाही लिहेल. कायदा घाण सोडनाऱ्याले धरते. आपल्याले नाही धरत."

"मंग झालं तं."

"नाही झालं, बाबा. कायद्याच्या हाती नाही लागलो म्हनून आपन सुटलो काय? आपल्याले तं कायद्याच्या आंधी मालूम होतं."

बाबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि उठून मळ्यात गेले. ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. आमच्या बाबांना कुणी खोटं पाडू लागलं की ते कामाला लागायचे.

दादा भांडखोर नव्हता, पण हट्टी होता. रजा काढून आला आणि नाल्याच्या वरच्या कोपऱ्यात स्वतः फावडं घेऊन त्याने एक खोल खड्डा आणि त्याच्या खाली दोन उथळ तळी खणली. पाणी आधी खड्ड्यात संथ थांबायचं, गाळ खाली बसायचा, मग ते तळ्यांत पसरून ऊन-वारा खायचं, हिरवं व्हायचं, आणि मगच पाटात यायचं. घाण अशी जादूने जात नाही, तिला वेळ द्यावा लागतो, असं तो मला सांगायचा. आणि एवढ्यावरही तो वाफ्यांत कोथिंबीर-मुळा लावू नका म्हणायचा. कच्चं खातात ते नको, झेंडू लावा, चारा लावा, कपाशी लावा. भावकी हसली. माळ्याने कपाशी लावायची तर कुणब्याने काय करायचं, असं चुलते म्हणाले. बाबांचं म्हणणं निराळं होतं. थांबलेल्या पाण्यात कस राहत नाही, सगळा कस खड्ड्यात बसतो. दादाची गाडी गेली की ते फावड्याने बांध फोडायचे आणि पाणी सरळ पाटाला घ्यायचे. दादा पुढच्या खेपेला यायचा, फुटका बांध बघायचा, धोतर खोचून पुन्हा घालायचा. असं कितीदा झालं... मायनं कधी एकाची बाजू घेतली नाही. ती फक्त जाताना त्याच्या पिशवीत सोपटाची जुडी ठेवायची.

एका खेपेला त्याने ती जुडी बाहेर काढून परत तिच्या हातात दिली. "मले अंबाडीनं बांधेल जुडी दे, माय. लोक खातात थेच मी खाईन." माय रडली, शपथा घातल्या. ऐकला नाही. त्यानंतर दर वेळी तो बाजाराच्या वाफ्यातला मुळा-पालक घेऊन नांदुऱ्याला जायचा. मला वाटायचं, हा बाबांना दिलेला टोमणा आहे, दोन-चार महिन्यांत विरेल. मला ते थोडं नाटकीही वाटायचं, खरं सांगते. मी मात्र माहेरून निघताना सोपटाचीच जुडी घ्यायची, आणि मायच्या प्रेमाची म्हणून घ्यायची.

आमची शेवटची भेट नांदुऱ्याची. लग्नकार्याला गेले होते, तिथून त्याच्याकडे उतरले. वहिनी स्वयंपाकघरात होत्या आणि दादा अंगणात पाटावर बसून नाल्यावरचा मुळा खात होता, कच्चा, मीठ लावून, बाजारात लोक खातात तसा. मुलं आत जेवत होती. मी विचारलं, पोरांना नाही दिला? त्याने हातातला मुळा खाली ठेवला. तेव्हा त्याचे डोळे पिवळट दिसले होते का? मला आठवत नाही, आणि आठवायचा प्रयत्न केला की भीती वाटते. तो म्हणाला, "पोरायले इकडं विहिरीवरची भाजी इकत घेतो. त्यायच्या ताटात हे नाही पडू देत मी." मग खाली ठेवलेल्या मुळ्याकडे बघत म्हणाला, "म्हंजे मी बी घरचा वाफा येगळाच ठेवला ना, कमल?"

एवढा शिकलेला, एवढा हट्टी माणूस, माझ्याकडून एक 'नाही' ऐकायला बसला होता. मी म्हटलं, पोरांचं वेगळं असतं, दादा. त्याने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मग मला एसटीवर पोचवायला आला.

नंतर बाबांनी आणि मी नांदुऱ्याच्या डॉक्टरांना काविळीचं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, पाण्यातून होते, खाण्यातून होते, नक्की सांगता येत नाही. बाबांनी त्यातलं पाणी तेवढं धरून ठेवलं, आणि तेही तिकडचं. मी त्यांना दोष देत नाही. नक्की कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण डॉक्टरांचं बोलणं ऐकताना बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही, आणि अजूनही बघत नाही.

तेराव्याला गाव लोटलं. खात्यातले लोक आले, त्याने शिकवलेले ओव्हरसियर आले. माळ्याचं घर, तेव्हा भाजी विकत आणायचा प्रश्नच नव्हता. पहाटे मी मागच्या दारी आले तर चुलत्या मुळे निवडत बसल्या होत्या. दोन ढीग होते, एक डोंगराएवढा, एक टोपलीभर. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. हातांना सवय होती, हातांनी वेगळे केले. पंगत बसली आणि मी मोठ्या ढिगातल्या मुळ्यांची कोशिंबीर वाढत निघाले. एका ओव्हरसियराने घास घेता घेता मला सरांची आठवण सांगितली, पहिल्या तासाला सर काय विचारायचे ती. "बाहेर म्हणजे कुणाच्या घरी," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मी त्याच्या पानात आणखी एक पळी कोशिंबीर वाढली. आग्रह केला. दादाच्या तेराव्याला, दादाच्या विद्यार्थ्याला.

घरच्यांची पंगत शेवटी बसली. त्याआधी दादाचं पान मांडायचं होतं. माय कोशिंबिरीची दोन्ही भांडी पुढ्यात घेऊन बसली आणि तिचा हात थांबला. आम्हाला सगळ्यांना कळलं तो का थांबला ते. "कोनती वाढू?" तिनं विचारलं. बाबांना नाही, मला विचारलं. मी शिकलेली ना. मी पाण्याचा तांब्या उचलून पानाशी ठेवू लागले. तिनं टोपलीतली, घरच्या वाफ्यातली वाढली. लेकाच्या पानात आई दुसरं काय वाढणार? आणि मग तीच कोशिंबीर माझ्याही पानात आली. मी ती खाल्ली.

परवा गावाकडच्या एसटीच्या कंडक्टरने शाळेत ओल्या फडक्यात बांधलेली जुडी आणून दिली. मायनं पाठवलेली. तिला कळवायचं माझ्या मनात आहे, की मला अंबाडीने बांधलेली, बाजारची जुडी पाठव, नाही तर काहीच पाठवू नको. तेराव्यापासून मनात आहे, अजून कळवलेलं नाही. फडकं उघडलं, आत बारके, किडकिडीत मुळे, सोपटाने बांधलेले. मी सोपट सोडलं, एक मुळा धुतला आणि मीठ लावून कच्चाच खाल्ला. चांगला गोड निघाला.