कादंबरीवरचा शेरा

या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून स्वतःची कादंबरी वाटली. नोएडातल्या आमच्या आणि आजूबाजूच्या सेक्टरांत मिळून तीसेक मराठी घरं आहेत. दर वर्षी कुणी प्लास्टिकचे डबे देतं, कुणी चहाच्या गाळण्या. यंदा तिळगुळाबरोबर हातात पुस्तक पडलं तेव्हा दोघीतिघींनी ते उलटंपालटं करून आत काही ठेवलंय का, ते पाहिलं. मला मुळीच राग आला नाही. माझं नाव असलेलं पुस्तक मीच माझ्या हाताने वाटत होते, आणि त्या दिवशी मला दुसरं काही नकोच होतं.

मलपृष्ठावर गोष्ट थोडक्यात दिली होती. दिल्लीतली बावन्न वर्षांची एक मराठी बाई मराठी मंडळाच्या बसने पानिपतला काला अंबचं युद्धस्मारक पाहायला जाते आणि परतीच्या बसमध्ये चढतच नाही. तिथेच एका हातमागाच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन राहते आणि आपल्याला नेमकं काय आवडतं, हे पहिल्यांदाच शोधू लागते. हे वाचून झालं की प्रत्येकीची नजर आतल्या खोलीकडे, माझ्या नवऱ्याकडे जायची. शेवटी शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, "अच्छा, पण तुझ्या मिस्टरांनी वाचलीये ना ही?"

वाचली आहे. त्याने वाचली म्हणून तर ती पुरी झाली.

कादंबरी लिहायला मला तीन वर्षं लागली. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झाला होता आणि घराच्या प्रत्येक खोलीत तोच होता. म्हणून मी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, टेबलटेनिसच्या टेबलाशेजारी बसून लिहायचे. लिहून झाल्यावर पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवली. चार महिन्यांनी उत्तर आलं, की भाषा चांगली आहे, पण नायिका घर का सोडते ते पटत नाही. नवरा सज्जन आहे, मुलगी मार्गी लागली आहे, मग हिला दुःख कशाचं? शेवटी तिला घरी परत आणलंत तर विचार करता येईल.

माझं डोकं फिरलं. पण मनातून ठाऊक होतं, की त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ती बसमध्ये का चढत नाही, हे मलाही सांगता येत नव्हतं. मी तिला खाष्ट सासू देऊन पाहिली, मग काढून टाकली. नवऱ्याला दारूही पाजून पाहिली, पण तो बिचारा दोन पानांतच शुद्धीवर आला. एवढं खरं, की तिला परत आणायला मी तयार नव्हते. मग ठरवलं, की आपली आपणच छापायची, तशीच अर्धवट पटणारी.

ओखल्याला एक छापखाना मिळाला. तिथला टाइप करणारा गृहस्थ हिंदीवाला. प्रत्येक ओळीत 'आहे' आहे, हे इतकं ज़रूरी आहे का, असं त्याने मला गंभीरपणे विचारलं. तेव्हा मुद्रितं तपासायला घरचंच माणूस हवं, आणि घरी शुद्ध मराठी येणारा एकच माणूस होता. भीतभीतच मी तो गठ्ठा त्याच्या हातात दिला. कादंबरीतला नवरा ह्याच्यासारखाच माकडटोपी घालतो, ह्याच्यासारखाच चहा बशीत ओतून पितो. हा त्यात स्वतःला ओळखेल म्हणून मी त्या नवऱ्याला शक्य तितकं गुणी केलं होतं.

त्याने आधी सगळ्या पानांना भोक पाडून हिरवी लेस बांधली. मग परिच्छेदांना आकडे घातले आणि पेन्सिल घेऊन बाल्कनीतल्या उन्हात बसला. आयुष्यभर फाइली वाचलेल्या माणसाने कादंबरी वाचली तर काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं. "पान बारावर नायिका सहाला निघते, पान चौदावर साडेपाचला. कोणती वेळ ग्राह्य धरावी?" "पान एकतीस, भाडेकरार झाल्याचा उल्लेख नाही." माकडटोपीबद्दल अक्षर नव्हतं. मी क्लबहाउसमध्ये जाऊन एकटीच हसले.

सत्तेचाळिसाव्या पानावर मात्र माझं हसू थांबलं. त्या पानावर नायिकेची जुनी हकिगत आहे, ती माझीच आहे. बावीस वर्षांपूर्वी मी पुण्याच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि येत्या जूनपासून पर्यवेक्षिका होणार होते. एका संध्याकाळी नवरा पडलेल्या चेहऱ्याने घरी आला आणि म्हणाला, दिल्लीला बदली झाली, वरून हुकूम आलाय. मी राजीनामा दिला. वर महिनाभर त्याचीच समजूत घातली, की सरकारी नोकरीत हे चालायचंच. दिल्लीत मला मराठीची शाळा कुठून मिळणार? मी शिकवण्या घेतल्या, कार्यालयांची पत्रकं भाषांतरित केली आणि नशिबाला बोल लावून मोकळी झाले. कादंबरीतही तसंच लिहिलं होतं, हुकूम येतो आणि संसार हलतो. त्याच्या समासात नवऱ्याने बारीक अक्षरात शेरा मारला होता:

"वस्तुस्थितीला धरून नाही. मुख्यालयात अशी नेमणूक हुकमाने होत नाही. आधी परिपत्रक निघतं, इच्छुकांनी अर्ज करायचा असतो. नवऱ्याने अर्ज केला असणार. दुरुस्ती करावी."

तो बाल्कनीत मटार सोलत बसला होता. मी ते पान त्याच्यापुढे धरलं आणि विचारलं, "तू अर्ज केला होतास?"

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. "हो. मला वाटायचं, एव्हाना तुला कळलं असेल. पण हे वाचलं तर तू अजून हुकूमच धरून बसलेली. चूक छापून गेली असती."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

इतका राग मला त्याच्यावर लग्नानंतर कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी नोएडाहून मेट्रोत बसले आणि थेट द्वारकेपर्यंत गेले, काही काम नसताना. ज्या माणसाची मी महिनाभर समजूत घातली, तो मनातून खूश होता, हेच मला सारखं डाचत होतं. परतीच्या वाटेवर कधीतरी माझी नायिका मला समजली. जाताना तिला बसमध्ये, मागच्या सीटवरचे नवऱ्याचे जुने सहकारी सहज बोलता बोलता सांगून जातात, की वहिनी, दिल्लीसाठी पहिला अर्ज तुमच्या मिस्टरांचाच होता. बाकी सगळे काला अंबला फोटो काढत असतात आणि ती तिथे हिशोब करत बसते, की माझ्या आयुष्यातलं काय काय मला न विचारता ठरलं. एवढं झाल्यावर कोण चढेल बसमध्ये?

ते प्रकरण मी घरीच, जेवणाच्या टेबलावर बसून अकरा दिवसांत लिहिलं. नवऱ्याने त्या दिवसांत टीव्हीचा आवाज एकदाही मोठा केला नाही. लिहिताना राग उतरत गेला, आणि खोटं कशाला बोलू, मजाही आली. इतकं सरळ लिहिणं मला आधी कधी जमलं नव्हतं. पुरं झालं तसं निमूटपणे त्याच्यापुढे ठेवलं.

दोन दिवस त्याने काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पानं घेऊन समोर येऊन बसला. म्हणाला, "एक शंका आहे. त्याने विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? ते इथे कुठे आलेलं नाही."

प्रश्न नायिकेबद्दल होता, पण तो माझ्याकडे बघत होता. मी मेट्रोत त्याचाही विचार करून ठेवला होता. "हो म्हणाली असती," मी म्हटलं. "आठ दिवस रडली असती, आदळआपट केली असती. मग शाळेत स्वतः जाऊन सांगितलं असतं, की आम्ही दिल्लीला जायचं ठरवलंय."

त्याने पेन्सिल पानांवर आडवी ठेवली.

"म्हणजे मी उगीचच खोटं बोललो," तो म्हणाला.

"उगीचच," मी म्हटलं. आणि आणखी काही दुरुस्ती नाही ना, ते त्याला विचारून पानं छापखान्यात पाठवून दिली.