मुक्या केबलींची खेप

नोंग मेईथाओच्या बोटांना डोळे आहेत, असं कारखान्यात सगळे म्हणत. तिची नजर चांगली होती तोवर हे नुसतं कौतुक होतं. पुढे खरे डोळे मंदावले आणि सगळा भार बोटांवर आला, तेव्हा त्या कौतुकातली गंमत गेली.

वंग मालकाचा कारखाना डोंगग्वान शहराच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होता. कारखाना कसला, एक लांबलचक खोलीच. एका टोकाला वायरींची भेंडोळी, मध्ये कथलाचा डाख देऊन तारा सांधणाऱ्या बायकांचं टेबल, पलीकडे प्लगवर प्लास्टिक चढवणारं ओउयांगचं मशीन, आणि दाराशी तपासणीला बसलेली ह्वाईजन. इथे मोबाइल चार्ज करायच्या केबली बनत, त्याही एकाच कंपनीच्या फोनसाठी. त्या कंपनीचा फोन बघता बघता भरायचा, पण त्यासाठी चार्जरही तिचाच हवा आणि केबलही तिचीच. परकी केबल लावली की फोन रुसल्यासारखा थेंबथेंब वीज घेत बसे.

त्याचं इंगित प्लगच्या पोटात होतं. साध्या प्लगात असतात त्या तारांशिवाय या प्लगात एक जास्तीची तार होती. ती प्लगच्या पत्र्याच्या कवचाला जोडायची. फोनला ती जोडणी लागली की तो ओळखायचा, ही घरची केबल, आणि दार सताड उघडायचा. मेईथाओ सगळ्या तारा जोडून ही तार शेवटी घ्यायची. चिमटीत दोनदा पिळायची, कवचाच्या कडेला टेकवायची, वर डाखाचा एक थेंब. डाखातल्या राळेचा धूर नाकात जायच्या आत पुढचा प्लग हातात. गाव सोडून ग्वांगशीहून आली तेव्हा तिची मुलगी दूधपिती होती. आता त्या मुलीचं लग्न झालं होतं, आणि मधल्या सगळ्या वर्षांत मेईथाओने मुख्यतः ही तार पिळली होती.

"थाओताई, झोपेत नवऱ्याचा कान पिळत असशील तू," ओउयांग म्हणायचा. हा हुनानचा माणूस. मिरचीशिवाय घास नाही आणि टोमण्याशिवाय वाक्य नाही.

"नवरा असतो कुठे कान पिळायला?" ती म्हणायची. नवरा शाओक्वांग दूर उत्तरेत इमारतींच्या कामांवर असे. दोघांची भेट वर्षातून एकदा, नववर्षाला. त्यांचं गाव म्हणजे नववर्षाला उघडायचं एक कुलूप होतं.

मग फोनच्या जगात एकी झाली. यापुढे सगळ्यांचा प्लग एकच, उलटा घाला, सुलटा घाला, कुठल्याही फोनला चालणारा. वेगाने चार्ज करायची रीतही हळूहळू सगळ्यांची सारखीच होणार. मालकाकडून केबली घेणाऱ्या कंपनीने जुन्या प्लगाचं काम कमी केलं आणि नव्या प्लगाची पहिली खेप मागवली.

नव्या प्लगाच्या पोटात तिळाएवढी चिप होती. ती कशाला, हे ओउयांगने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. "चार्जर आता केबलला विचारतो, बाई गं, तुझ्याच्यानं किती पेलवेल? ही चिप सांगते, एवढं पेलवेल. तेवढी वीज तो सोडतो. केबलने उत्तरच दिलं नाही, तर तो घाबरतो. म्हणतो, मरू दे, उगाच पेट घ्यायची. आणि अगदी थोडी सोडतो."

"म्हणजे बोलणाऱ्या बाईला जास्त देतो," ह्वाईजन म्हणाली. "आपल्या मालकापेक्षा बरा."

मालक मेईथाओला म्हणाला, "थाओताई, पहिली खेप तुमच्या हातची जाऊ द्या. नव्या पोरींचा मला भरवसा नाही."

तिने खेप केली. तारा केसासारख्या, जागा सुईच्या टोकाएवढ्या. चष्म्यावर भिंग लावलं तरी तिला चिप म्हणजे काळा ठिपका दिसायची, तिचे पाय दिसायचे नाहीत. पण बोटं होती. ह्वाईजनच्या यंत्रावर सगळ्या केबलींना हिरवा दिवा लागला. यंत्र जुनंच होतं. वीज या टोकाची त्या टोकाला पोचली की त्याचं समाधान होई. ते केबलला काही विचारत नसे.

शरदाचा सण झाला आणि खेप परत आली. तक्रार अशी, फोन चार्ज होतात, पण रडतखडत. केबली मुक्या आहेत. कंपनीने खोकी जशीच्या तशी जिन्यात आणून टाकली, आणि सगळी मंडळी त्यांना वळसा घालून कामावर येऊ लागली.

दुपारी खोली रिकामी असताना ओउयांगने पात्याने एक प्लग उभा चिरला आणि मेईथाओला हाक मारली. "हे भिंगातून बघ."

तिने पाहिलं. चिपला जगवणारी एक तार होती. ती कवचापासून सुटी राहायला हवी होती, चिपच्या पायालाच लागायला हवी होती. तीच तार दोनदा पिळलेली होती आणि कवचाच्या कडेला डाखाच्या थेंबाने पक्की बसवलेली होती. चिपच्या तोंडात जायचा घास कवचाला जात होता.

"एकच असेल," ती म्हणाली.

"बरेच चिरले मी." या वेळी ओउयांगने टोमणा मारला नाही. "तुझी बोटं जुन्या घरी जाऊन आली, ताई. कुणाला सांगू नकोस. मी चिरलेले प्लग फेकून देतो."

तिला ती तार पिळल्याचं आठवतही नव्हतं. हेच तिला जास्त लागलं. हातून चूक झाली असती तर हाताला बोल लावता आला असता. इथे हातांनी आपलं काम चोख केलं होतं.

त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळू लागली, ही जागा राहील का? गल्लीतल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर पाटी असे, कामगार पाहिजेत, वय अठरा ते पंचेचाळीस. मेईथाओ त्या पाटीच्या कधीच पलीकडे गेली होती. या स्टुलावरून उठलं की दुसरं स्टूल नव्हतं. मालक वरच्याच मजल्यावर राहायचा; त्याला सगळं सांगून टाकावं म्हणून ती दोनतीनदा जिना चढली. एकदा मालकीणबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "काय गं, खाली चहाचा गॅस संपला का?" ती "नाही, सहज आले होते," म्हणून उतरली.

खेप कोणाच्या हातची, हे मालकाला ठाऊकच होतं. पण तो काहीच बोलला नाही. आणि तो बोलत नाही याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला, तो वर्षअखेरच्या जेवणाची वाट बघतोय.

त्या भागात मालक नोकराला तोंडाने जा म्हणत नाही. वर्ष संपताना सगळ्यांना जेवायला बोलावतो, आणि ज्याला नववर्षानंतर परत यायचं नाही त्याच्या वाडग्यात स्वतःच्या जेवायच्या काड्यांनी कोंबडीचा तुकडा ठेवतो. तिला निर्दय कोंबडी म्हणतात. आताशा बरेच मालक हे पाळत नाहीत, एक संदेश पाठवून मोकळे होतात. पण वंग मालक जुन्या वळणाचा होता. मागच्या वर्षी तुकडा सामान वाहणाऱ्या म्हाताऱ्याच्या वाडग्यात पडला होता. बाकीच्यांना मालकाने मासा वाढला होता, आणि मासा वाढला गेला तसा एकेकाने श्वास सोडला होता.

"मी येत नाही जेवायला. पोट बिघडलंय," मेईथाओ म्हणाली.

"न येणाऱ्याचा तुकडा डब्यात घालून पाठवतात," ओउयांग म्हणाला. "ये गप. वाडगा मांडीत लपव. नाहीतर आधीच काठोकाठ भात भरून घे, कोंबडीला बसायला जागाच ठेवू नकोस."

ती हसली आणि तिने खरंच तसं केलं. कोपऱ्यावरच्या खानावळीत गोल टेबलाभोवती सगळे बसले. मेईथाओने भाताचा डोंगर केला, वर आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचे तुकडे रचले, आणि वाडग्यावर हात ठेवून बसली. ह्वाईजनने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मालकीणबाई आज स्वतः सगळ्यांच्या कपांत चहा ओतत होत्या. कप भरला की जो तो आभाराच्या रीतीप्रमाणे टेबलावर बोटं टकटकवत होता.

मासा आलाच नाही. रस्सा आला, भाजी आली, आणि मग उकडलेली कोंबडी आली, आल्या-कांदापातीच्या तेलासकट. मालक उठला. त्याने काड्या उचलल्या, मांडीचा चांगला तुकडा निवडला, टेबलाला वळसा घातला आणि मेईथाओच्या मागे येऊन उभा राहिला.

"थाओताई, हात काढा."

तिने काढला. तुकडा बांबूवर बसला, घसरला, भाताला टेकून राहिला.

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. अशा वेळी बघायचं नसतं. ती मान खाली घालून म्हणाली, "मालक, ती खेप माझीच होती. चिपची तार मी कवचाला जोडली. चुकून. सवयीनं. मी सांगायला आले होते वर."

"कुठली खेप?" मालक म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं. "ती होय? ती परत आली नसती तरी हेच होतं, ताई."

आणि तो पुढे सरकला. दुसरा तुकडा त्याने ह्वाईजनच्या वाडग्यात ठेवला.

ह्वाईजनला आधी वाटलं, मालक चुकला. "मालक, मी तपासणीला," ती म्हणाली, जणू तिचं काम सांगितलं की तो तुकडा उचलून घेईल. तोवर तिसरा तुकडा टेबलावरच्या पुढच्या बाईच्या वाडग्यात पडला होता. मग तिच्या शेजारणीच्या. ओउयांगची पाळी आली तेव्हा त्याने आपण होऊन वाडगा पुढे केला. "मला मान द्या, मालक. निदान चावायला तरी काहीतरी लागेल." कुणी हसलं नाही. तोसुद्धा नाही.

मालकाने त्याला दुसराच तुकडा वाढला. ताटात मानेचा तुकडा उरला. तो मालकाने स्वतःच्या वाडग्यात घेतला आणि खाली बसला.

"पूर्वी आपला प्लग दुसऱ्या कुणाला येत नव्हता," तो म्हणाला. "कंपनीला आपल्याकडेच यावं लागायचं. आता सगळ्यांचा प्लग एकच. म्हणजे तो कुणीही करतो. मोठ्या कारखान्यांत मशीन लावलंय, सगळ्या तारा एका दाबात जोडतं. आणि कंपनी म्हणते, लोकांच्या घरी केबली पडल्याच आहेत, यापुढे फोनच्या खोक्यात केबल घालणारच नाही." त्याने वाडग्यातल्या मानेकडे बघितलं. "खा. गार होतंय."

त्यांनी खाल्लं. मेईथाओने तुकड्याचं हाड चोखून स्वच्छ केलं आणि ताटलीच्या कडेला ठेवलं. शरदापासून ती त्या एका चुकीचं ओझं उराशी धरून होती. चूक मोठी होती, जागा घालवण्याएवढी मोठी, असं तिने मानलं होतं. आता कळलं की त्या चुकीने कुणाचं काही गेलं नव्हतं. ती नसती झाली तरी एवढंच झालं असतं. चूकसुद्धा तिची राहिली नव्हती.

सामान घ्यायला सगळे कारखान्यात परतले, तेव्हा मालकाने जिन्यातल्या खोक्यांकडे हात केला. "न्या हव्या तेवढ्या. भंगारवालाही नको म्हणतोय." कुणी नेल्या नाहीत. मेईथाओने टेबलाच्या खणातून आपल्या हातची एक जुनी केबल तेवढी घेतली. तिचा फोन जुन्याच प्लगाचा होता.

बसच्या अड्ड्यावर ओउयांग मिरचीच्या लोणच्याची बरणी काखेत धरून उभा होता. "नववर्षानंतर भेटू, थाओताई!" तो ओरडला.

"भेटू," ती म्हणाली. कुठे, हे दोघांनीही विचारलं नाही.

बस ग्वांगशीच्या वाटेला लागली. सीटच्या पाठीला चार्जिंगचं भोक होतं. तिने केबल लावली. फोन तिचा होता, केबल तिच्या हातची होती, पण पलीकडचं भोक परकं होतं. फोन थेंबथेंब वीज घेत राहिला.

शाओक्वांगचा संदेश आला. "मी घरी पोचलो. परतीच्या तिकिटांना आत्ताच झुंबड आहे. तुझं डोंगग्वानचं तिकीट कधीचं काढू?"

तिने लिहिलं, काढू नका. पुसलं. मग लिहिलं, घरी आल्यावर बोलू. तेही पुसलं, कारण मग त्याने लगेच फोन केला असता, आणि सगळ्या बससमोर तिला बोलावं लागलं असतं. पडद्यावर बॅटरीची लाल रेघ होती. केबल आणखी जरा वेळ लावून ठेवली असती तर ती हिरवी झाली असती.

"कधीचं काढू?" पुन्हा आलं.

मेईथाओने केबल उपटली. फोन मांडीवर उताणा ठेवून ती त्याच्या विझण्याची वाट बघत बसली. पिशवीच्या शिवणीतून एक दोरा सुटला होता. तिच्या बोटांनी तो चिमटीत घेतला, दोनदा पिळला, आणि पिशवीच्या लोखंडी चेनच्या कडेला नेऊन टेकवला.