माजी कर्मचारी

मी अमरावतीत घरी बसून नेमकं काय करतो, हे आमच्या गल्लीत अजून कोणाला कळलेलं नाही. सायबर सिक्युरिटीचं काम म्हटल्यावर लोक अडकलेले मोबाइल घेऊन दारात येतात. "भाऊ, याच्यात व्हायरस घुसला, पाहून द्या ना." मी मोबाइल बंद करून पुन्हा चालू करून देतो. तेवढ्यावर माझी कीर्ती टिकून आहे.

खरं काम कंटाळवाणं आहे. कॉम्प्युटरला चोरांपासून वाचवणारी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात. त्यांतली कोणती टिकेल आणि कोणती बुडेल, याचा अभ्यास करून मी मुंबईच्या एका गुंतवणूक सल्लागार फर्मसाठी अहवाल लिहितो. शेवटी शेअर घ्या, ठेवा किंवा विका, यांपैकी एक शब्द. पैसेवाले तेवढाच वाचतात. बाकीची पानं मी आणि माझी बायको सोडून कोणी वाचत असेल असं वाटत नाही, आणि बायकोही आताशा वाचत नाही.

त्या वर्षी दोन कंपन्यांची तुलना माझ्याकडे आली. त्यांतल्या एकीत माझा धाकटा भाऊ होता, पुण्याला, ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या टीममध्ये. मी साहेबांना तसं सांगितलं. "घरात कोणाकडे त्यांचे शेअर नाहीत ना? मग लिहा," ते म्हणाले.

भावाचं लग्न तेव्हा जमत आलं होतं. आमची आई अकोल्याला एकटी राहते. मुलगी अकोल्याचीच, दोन्हीकडून पसंती झालेली, फक्त साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरलेलं. आम्हाला शेती नाही, वडील नाहीत, घर दोन खोल्यांचं. पुण्याची नोकरी, तीही कॉम्प्युटरच्या कंपनीत, या एका गोष्टीवर सगळं जुळलं होतं. आई रोज फोनवर साड्यांचं बोलायची.

कंपनीच्या आत काय चाललंय हे कळावं म्हणून आम्ही तिथून नुकतंच बाहेर पडलेलं माणूस गाठतो. एक एजन्सी असं माणूस शोधून देते आणि त्याला तासाभराचं मानधन मिळतं. नाव त्याचं मला सांगत नाहीत, माझं त्याला नाही. बोलता बोलता कोणी गुपितं फोडू नयेत म्हणून फर्मचा एक जण कॉल ऐकत बसतो. या वेळी, भावाच्या कंपनीसाठी, मला एवढंच कळवलं होतं: माजी कर्मचारी, ग्राहक सेवा.

त्याने हॅलो म्हटलं आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला. ज्याला सायकलच्या दांडीवर बसवून मी शाळेत नेलं, त्याचा आवाज मला कळणार नाही? त्यालाही माझा कळला. माझ्या हॅलोनंतर तो पुन्हा एकदा हॅलो म्हणाला, मग "विचारा" म्हणाला.

ओळख सांगितली असती तर कॉल तिथेच बंद झाला असता आणि त्याचं मानधनही गेलं असतं. मी पहिला प्रश्न विचारला. असे कॉल इंग्रजीत चालतात, त्यामुळे आम्ही भाऊ-भाऊ जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत बोललो.

उत्तरं त्याने चांगली दिली. लहान सहकारी बँका वर्षाचं लायसन्स पुन्हा घेत नाहीत, समोरची कंपनी सगळं एकाच पॅकेजमध्ये देते, तक्रारी वाढल्या आणि माणसं कमी केली. मग मी विचारलं, तुम्ही नोकरी केव्हा सोडली? "मी सोडली नाही," तो म्हणाला. "उन्हाळ्यात आमची अख्खी टीमच बंद केली."

मी ते टाइप केलं. दिवाळीला तो काजू-बदामाची पेटी घेऊन घरी आला होता, कंपनीने दिली म्हणून. आईने ती गल्लीभर दाखवली होती. ती त्याने स्वतःच विकत घेतली असणार, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पुढचा प्रश्न मी दोनदा विचारला.

कॉल संपल्यावर मात्र मला राग आला. खोटं तो बोलला, धाकटा तो, तर फोनही त्यानेच करायला पाहिजे. त्याचा फोन आला नाही. मी अहवाल पुरा केला आणि त्याच्या कंपनीपुढे 'विका' असं लिहिलं.

मग मुलीचे वडील साक्षगंधाची तारीख पक्की करायला घरी आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. भाऊ पुण्याहून आला, मी अमरावतीहून. आईसमोर आम्ही एकमेकांना कसा आहेस विचारलं, तेवढंच. आलूपोहे झाले, चहा आला. गृहस्थ माझ्याकडे वळले.

"तुमी तं कंपन्यायचाच अभ्यास करता म्हनतात. मंग आमच्या जावयाची कंपनी कशी हाय, सांगा बरं. पोरगी देऊन राहिलो, मालूम तं पाह्यजे."

आईचा चेहरा खुलला. मोठ्याचं शिक्षण आज चारचौघांत कामी येणार होतं. चांगली आहे म्हटलं तर एका मुलीला फसवायचं, बुडतेय म्हटलं तर भावाला बुडवायचं. मी म्हणालो, "आमाले बाहेर सांगता येत नाही, काका. नियम हाय."

नियम खराच आहे. पण त्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेला होता, अशा उत्तराचा अर्थ त्यांना पाठ होता. त्यांनी कप खाली ठेवला. "चांगली असती तं सांगतलं असतं तुमी."

"काका," भाऊ म्हणाला, "माही नोकरी गेली. उन्हाळ्यातच."

आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं वाटलं असतं. "नोकरी काय, दुसरी भेटते," ते उठत म्हणाले. "पन लपवून काहून ठेवलं?" तारखेचा विषय न काढताच ते बाहेर पडले. ते गेल्यावर आई आत गेली ती बाहेर आलीच नाही.

संध्याकाळी भाऊ मला गाडीवर बसस्टँडला सोडायला आला. अमरावतीची बस लागलेली होती. माझा राग अजून गेला नव्हता.

"एक फोन नाही करता आला तुले मले?"

"त्या दिवशी दिवसभर फोन हातात धरून बसलो होतो, दादा," तो म्हणाला. "मले वाटलं, तू करशीन."