खतमीची पाटी

अन्याय झाला माझ्या आईवर. गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, गारखेड्यातल्या एका कॉलेजच्या औषधी बागेत, तपासणी समितीसमोर. वेळ नेमकी सांगते, कारण नंतर "असं काही घडलंच नाही" म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे.

आई त्या बागेत कंत्राटी माळीण आहे. पाट्या तीच लिहायची. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, उरलेल्या ऑइलपेंटनं नाव घालायचं. नियम एकच: ज्यानं बी दिलं तो जे म्हणतो, तेच नाव पाटीवर.

खतमीचं बी शहागंजातल्या जडीबुटीवाल्या चाचांनी दिलं. माझा खोकला हटत नव्हता तेव्हा. "रात कू भिगाओ अम्मा, सुबू बच्ची कू लुआब पिलाओ," म्हणाले. लुआब म्हणजे भिजल्या बियांचा बुळबुळीत रस. मी नाक दाबून प्यायले. उरलेलं बी आईनं बागेत टाकलं. हे झाड मुळात लांबच्या देशांतल्या, समुद्राकाठच्या खारट दलदलीतलं. इथं गळक्या नळाखालच्या चिखलात त्यानं मूळ धरलं आणि आईच्या कमरेला लागलं. घसा बसला की प्राध्यापकसुद्धा म्हणायचे, "मावशी, खतमीची दोन पानं द्या बरं."

समिती येणार म्हणून पत्रे उपटले आणि छापील पाट्या लागल्या. त्या मंगळवारी समितीतल्या बाईंनी झाडाकडं बोट दाखवलं. आई म्हणाली, "खतमी."

विभागप्रमुख हसले. "मावशी, पाटी वाचा की."

आईनं मोठ्यानं वाचलं, "मार्शमॅलो. स्थानिक नाव: नाही."

"मग? उगं कायबी सांगू नका पाहुण्यांना."

"मार्शमॅलो? ती पांढरी मिठाई झाडाला लागती व्हय?" समितीतला एक जण म्हणाला. सगळे हसले. आई पाइप गुंडाळत बाजूला झाली.

ती मिठाई पूर्वी ह्याच झाडाच्या मुळापासून करायचे. आता तिच्यात साखर न् जिलेटिन. झाडाचा कण नसतो. ज्या मिठाईत झाडच नाही तिचं नाव पाटीवर चालतं. जे नाव घेऊन शहागंजात माणसं आजही पुडी मागतात, ते चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ह्याच पत्रकाचा मसुदा घेऊन विभागप्रमुखांच्या टेबलाशी उभी राहिले. तावातावानं वाचायला लागले. त्यांनी फायलीतली पाट्यांच्या नावांची यादी पुढं सरकवली.

"ही टाइप कुणी केली, ताई?"

मी केली होती. लेकीला कॉम्प्युटर येतो म्हणून आईनंच काम घरी आणलं होतं. वर सूचना होती: स्थानिक नाव मराठीच असावं. आई शेजारी बसून म्हणाली, "खतमी लिही."

"अगं, ते उर्दू आहे. रकान्यात मराठी पाहिजे."

"मंग मी बोलते ते काय हाय?"

 मी शब्दकोशात दुसरं नाव शोधलं, सापडलं नाही, आडवी रेघ मारली. छापणाऱ्यानं त्या रेघेचं 'नाही' केलं.

"बदलून द्या," मी म्हणाले. आवाज उतरला होता.

"समिती बघून गेली. आता पाटीला हात लावता येत नाय."

तेव्हापासून आई कुठल्याच झाडाचं नाव सांगत नाही. पोरं विचारतात, "मावशी, हे काय?" ती म्हणते, "लिव्हलंय की. वाचा." घरी माझ्याशीही ह्या विषयावर बोलत नाही. चाचांकडून दोन नवी बियाणं आणली होती, ती तशीच पुडीत आहेत.

पत्रक मी फाडलं नाही. फक्त अन्याय करणाऱ्यांत स्वतःला पहिलं घातलं. अर्जही दिलाय, पण एकटीचा अर्ज फायलीला लागतो आणि तिथंच राहतो. गारखेड्यात राहत असाल, तुमचं लेकरू त्या कॉलेजात शिकत असेल, तर हळहळ तुमच्यापाशीच ठेवा. उद्या अकराला कॉलेजच्या कार्यालयात या. कागदावर एवढंच लिहा: स्थानिक नाव, खतमी. खाली सही करा, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.